आबांच्या रक्ताची चमक

सूस, ३ मार्च २०२४

तीर्थरूप आबांना पल्लवीचा सा. न. वि. वि.

निरोगी माणसाचा नमुना म्हणून प्रयोगासाठी तुमचं रक्त नेलं होतं ना, ते तपासलं. प्रयोगशाळेत आम्ही सोन्याचे इतके बारीक पुंजके करतो, की ते पिवळे दिसतच नाहीत. रक्तातल्या प्रथिनात बसले की जांभळ्या उजेडात लाल चमकतात, आणि प्रथिन बिघडलं की चमक मंदावते. तुमची चमक सगळ्यांत भारी निघाली. सर म्हणाले, हा गडी शंभरीपर्यंत मेंढरं वळणार. आता मल्हारदादाला म्हणावं, गुळाचा डबा लपवू नकोस.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्या.

तुमची पल्लवी

धनगरवस्ती, मुळशी, १९ ऑगस्ट

चि. पल्लवीस मल्हारदादाचा आशीर्वाद.

वस्तीवर रेंज न्हाई, आन खाली जाऊन फोन केला तर तोंडातनं वंगाळ निघंल, म्हणून लिवतोय. आबांच्या पायात काटा मोडला, तो चिघळला. दवाखान्यात चला म्हणलं की पटक्यातनं तुझं पत्र काढायचे. म्हणायचे, लेकीनं सोनं लावून पारखलंय, डॉक्टर आनखी काय सांगणार हाय? आई पाया पडली, तर तिच्याकडंच गूळ मागितला. शेवटी उचलून पौडच्या दवाखान्यात नेलं. रक्तात साखर लई वाढलेली. परवा पाय घोट्यातनं काढला.

तुझ्या सोन्याला साखर दिसली न्हाई व्हय गं?

मल्हार

सूस, २४ ऑगस्ट

ती. दादास सा. न.

नाही दिसली, कारण मी ती बघितलीच नव्हती. प्रथिन लोखंडासारखं गंजतं, माझा प्रयोग तेवढ्याच बिघाडाचा. त्याला साखर चिकटणं वेगळं. त्याची साधी तपासणी कुठल्याही दवाखान्यात होते, पण मला मेलीला मिरवायची घाई झाली होती. रविवारी येते, आबांना सगळं सांगते. मग ते मारोत की बोलणं टाकोत.

दादा, तू तरी नातं तोडू नकोस.

पल्लवी

धनगरवस्ती, मुळशी, २९ ऑगस्ट

चि. पल्लवीस आशीर्वाद.

रविवारी आलीस तेव्हा आबा झोपले होते, म्हणून वाचलीस. पुन्हा येशील तेव्हा त्यांना काय बी सांगू नको. येईल त्याला अजून पत्र दावत्यात. म्हणत्यात, रक्त चांगलंच हाय, पाय काट्यानं गेला. त्यांना तसंच वाटू दे; साखरेच्या गोळ्या आई बघती. आईनं अन् मी गिळलंय, तूबी गीळ.

मेंढरांमागं आता मी जातो. लोभ हाय, पण वाढावा असं यंदा लिववत न्हाई.

मल्हार