कपाटाची किल्ली माझ्याकडे

३ मार्च, सकाळी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि बस म्हणाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ज्या हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल आपली लाँड्री धुते त्यांचं पत्र आलंय म्हणे. आपल्याकडे आधुनिक गुलामगिरी नाही ना, याची त्यांना खात्री हवी. त्यांच्या तपासनीस बाई चोवीस तारखेला येणार. तेव्हा आजपासून मी 'आधुनिक गुलामगिरी प्रतिबंध अधिकारी'. साबण आणि ब्लीचचं स्टोअर दुसरं कोणीतरी बघेल.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, मग खुर्ची बदलली का? खुर्ची तीच आहे. हिला मोठं काही दिसतच नाही.

संकल्प: महिनाअखेरीच्या आत या इमारतीतून गुलामगिरीचं समूळ उच्चाटन. रोज डायरी. चहात साखर निम्मी.

५ मार्च
गुलामगिरी शोधली. तळमजल्यावर धुलाई, पहिल्यावर इस्त्री आणि घड्या, दुसऱ्यावर बाहेरदेशच्या कामगारांच्या खोल्या. साखळदंड वगैरे कुठेही नाही. तरी खात्री हवी म्हणून शिफ्ट सुटताना सगळ्यांना रांगेत उभं केलं, सुपरवायझरला शेजारी घेतलं आणि मोठ्याने विचारलं की इथे कोणी गुलाम असेल तर हात वर करा. एकही हात वर नाही. नोंद केली: शून्य.

साखर सोमवारपासून.

८ मार्च
धोरण लिहून काढलं. नऊ पानं! पहिल्याच पानावर स्पष्ट केलं की हे संरक्षण फक्त कामगारांना लागू, अधिकारी यातून वगळले आहेत. उगाच कोणी मला त्यांच्यात मोजायला नको.

हॉटेलच्या प्रश्नावलीत चौदावा प्रश्न: कामगारांची मूळ कागदपत्रं कोणाकडे असतात? हा वाचून इतका आनंद झाला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात आहेत. प्रत्येकाला वेगळं प्लास्टिकचं पाकीट, वर नाव, आत डांबराची गोळी. किल्ली माझ्या कमरेला. साहेबांनी कपाट दिलं, बाकीची शिस्त माझी. माझी स्वतःची पदवीची मूळ प्रमाणपत्रं नोकरीला लागल्या दिवसापासून साहेबांच्या लॉकरमध्ये आहेत, मी कधी चौकशी तरी केली का? विश्वास म्हणतात तो हा. उत्तर लिहिलं: 'अत्यंत सुरक्षित'. अत्यंतच्या खाली रेघ मारली.

११ मार्च, दुपारी
घडीवाली आली होती. पहिल्या मजल्यावर चादरींच्या घड्या घालते. दोन कोपरे हातात, मधला काठ हनुवटीखाली, आणि बघता बघता ढीग. तीन वर्षांत तोंडातून शब्द नाही. आज म्हणाली, पासपोर्ट द्या. गावाकडे धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण आहे, तारीख अठ्ठावीस. आई नाही, दुसरं कोणी नाही. बहीण घाबरलीय म्हणे.

मी सांगितलं, असा हातोहात पासपोर्ट मिळत नसतो, त्याला पद्धत असते. पद्धत नव्हती, म्हणून लगेच तयार केली. 'मूळ कागदपत्रं परत मिळण्याचा अर्ज'. एक पान, आठ रकाने. सातवा रकाना: कागदपत्रं का हवीत? शिवाय दोन शिक्के करायला टाकले. 'मंजूर' आणि 'कारण अपुरं'.

१३ मार्च
शिक्के आले. जरा तिरके उमटतात. सवयीने जमेल.

घडीवालीने अर्जात बहिणीचं सगळं लिहिलं होतं. साहेबांकडे नेला. साहेब म्हणाले, ऐन गर्दीच्या दिवसात? एकीला दिला की उद्या सगळे उडतील. तू बघ काय ते, तू अधिकारी आहेस. केवढा विश्वास! 'मंजूर'चा शिक्का अजून कोराच आहे.

१६ मार्च
तिने दुसरा अर्ज आणला. सातव्या रकान्यात तीनच शब्द: 'माझी आहेत म्हणून.'

मला वाईट वाटलं. इतकं जिवापाड सांभाळायचं आणि वर ही भाषा. जोरात शिक्का मारला. फारच तिरका आला.

१८ मार्च
प्रत्येक मजल्यावर पोस्टर लावलं: 'तुमच्यावर अन्याय होतोय? फोन करा.' खाली माझा नंबर. परका माणूस कशाला हवा? दिवसभरात एक फोन आला. बायकोचा. येताना दूध आणा.

म्हणजे अन्याय नाही. आकडेवारी बोलते.

२० मार्च
डबा विसरलो होतो. बायको घेऊन आली, तर जिन्यात घडीवालीशी बोलत उभी! चांगली वीस मिनिटं. मग वर येऊन मला विचारते, त्या कपाटात काय आहे? सांगितलं. कोणाचे आहेत? म्हटलं, त्यांचे. मग तुमच्याकडे कशाला? मी तिला सुरक्षितता, आग, वाळवी, उंदीर, सगळं नीट समजावलं. ती गप्प झाली. ती गप्प झाली की तिला पटलेलं असतं, हा पंचवीस वर्षांचा अनुभव.

साखरेचा विषय या महिन्यात नको. कामाचा ताण आहे.

२४ मार्च, संध्याकाळी
आज डायरी लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

तपासनीस बाई आल्या. मी बत्तीस स्लाइडी तयार ठेवल्या होत्या. त्यांनी दुसरीवरच थांबवलं आणि म्हणाल्या, आधी ते कपाट उघडा. कोणतं कपाट हे त्यांना ठाऊक होतं! हातात एक पत्र होतं, पण मला दाखवलं नाही. मी किल्ली दिली. पाकिटं आणि गोळ्या पाहून कौतुक करतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, माणसाला बांधून ठेवायला साखळीच लागते असं नाही. मग मलाच अंगणात टेबलामागे बसवून त्रेचाळीस जणांना त्यांचे पासपोर्ट परत द्यायला लावले. घडीवाली सगळ्यात पुढे. पाकीट टेबलावरच ठेवलं, पासपोर्ट पदरात घेतला आणि गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

घरी येऊन म्हटलं, कोणीतरी केसाने गळा कापलाय, आणि त्याला मी शोधून काढणार. बायको भाजी ढवळत होती. न वळता म्हणाली की शोधू नका, पत्र मीच लिहिलं.

पोस्टरवर इतका मोठा नंबर असताना! मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, तीनदा सांगितलं. जिन्यावरून आल्यावर एकदा, जेवताना एकदा, दुसऱ्या दिवशी दूध आणलंत तेव्हा एकदा. तुम्ही पोस्टरच्या रंगाबद्दल बोलत होतात.

जेवलो नाही. म्हणजे भात जेवलो, भाजी घेतली नाही.

२६ मार्च
एक दिलासा होता की साहेब माझ्या पाठीशी आहेत. आज केबिनमध्ये बाईंसमोर साहेब म्हणाले, या कपाटाबद्दल, अर्जाबद्दल, शिक्क्यांबद्दल मला काहीच कल्पना नव्हती, हा सगळा याचा कारभार. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते टेबलावरची टाचणी बघत होते. कागदांवर सही शोधली, तर सगळीकडे माझीच. तू बघ काय ते म्हणाले होते, ते कुठे लिहिलंय?

बायकोने निदान तोंडावर कबूल तरी केलं.

परत ब्लीचच्या स्टोअरमध्ये. अकरा वर्षं या माणसाच्या शब्दावर उठलो बसलो. फार लागलं मनाला.

२९ मार्च
बायकोला घडीवालीचा फोन आला होता. वेळेत पोचली. बहिणीला मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. रात्रभर बहिणीने तिचा हात सोडला नाही म्हणे. बायको डोळे पुसत सांगत होती. मी पेपर वाचत होतो. बाळाचं वजन किती, एवढंच विचारलं. अडीच किलो. चांगलं आहे.

मग ठरवलं. राजीनामा! माझ्यासारख्या अनुभवी माणसाला कुठेही घेतील. उद्याच मूळ प्रमाणपत्रं मागून घेतो.

३० मार्च
साहेब म्हणाले, अत्यंत सुरक्षित आहेत. पण मागायचं तर पद्धतीने माग.

मी म्हटलं, तपासनीस बाईंनी तर सगळ्यांचे कागद परत करायला सांगितलंय. साहेबांनी माझं धोरण काढलं, पान पहिलं. अधिकारी वगळले आहेत. अक्षर टाइपचं असलं तरी खाली सही माझी. आता माझ्या जागी त्यांचा पुतण्या आहे. त्याने अदबीने एक अर्ज पुढे केला. एक पान, आठ रकाने.

१ एप्रिल, सकाळी
सातवा रकाना अडलाय. 'दुसरीकडे नोकरी' लिहिलं तर साहेब देणारच नाहीत. 'आजारपण' खोटं. 'बघायची आहेत' बालिश. सव्वा तास पेन घेऊन बसलो. चहा आला. किती साखर, बायकोने विचारलं. नको म्हटलं.

मग लिहिलं: 'माझी आहेत म्हणून.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. फक्त विचारलं, तपासनीस बाईंचा पत्ता जपून ठेवलाय, लिहू का? म्हटलं, गरज नाही. कारण स्पष्ट आहे, कोणालाही पटेल.

२ एप्रिल, दुपारी
अर्ज परत आला. 'कारण अपुरं.'

शिक्का मात्र अगदी सरळ उमटलाय. मला तो कधीच जमला नव्हता.