फाटका कोपरा

भाटघर, ९ फेब्रुवारी

ती. दादास दिपालीचा सा. न. वि. वि.

तुझं दुसरं पत्र गेनूमामांनी दुधाच्या टेम्पोतून आणून दिलं. भूकंपात पासलीचा मोबाईलचा टॉवर पडल्यापासून तुझ्या या कागदांवरच माझा जीव टांगलाय, आणि याही पत्राचा कोपरा फाटलेला. मागच्या वेळी विचारलं तर तू शेळीवर ढकललंस. तुझी शेळी भारी हुशार, दोन्ही वेळा नेमका वरचाच कोपरा खाते.

कोपरा फाडलेलं पत्र आपल्यात कशाचं असतं हे मला शिकवायला नको. अण्णा गेले तेव्हा पाहुण्यांना धाडलेल्या कार्डाचा कोपरा तूच फाडला होतास. आत मात्र लिहितोस, सगळं खुशाल, आई मजेत. मजेत असती तर दोन पत्रांत तिचा एक तरी टोमणा आला असता. गेनूमामांना विचारलं तर ते कॅनचं झाकण घट्ट करत बसले.

आई आहे ना, दादा? मला आठवा लागलाय म्हणून लपवत असशील, तर परवाच्या टेम्पोत मी बसणार. ह्यांचंही ऐकणार नाही.

लोभ असू दे, पण खरं सांगण्याइतका.

तुझी,
दिपाली

पासली, ११ फेब्रुवारी

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

टेम्पोत बसू नकोस, घाटात अजून दरडी सुटतात. आई आहे, धडधाकट आहे. आत्ता तंबूत बसून वाटपात आलेल्या डाळीला नावं ठेवतेय.

शेळीचं मी अंदाजाने लिहिलं होतं. काल तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आईने कबूल केलं. कोपरे तिनेच फाडले होते, पत्र टेम्पोत देताना.

लपवलं ते एवढंच, की आपलं घर उरलं नाही. अण्णांनी बांधलेल्या चारही भिंती पडल्या. आम्ही गोठ्यात होतो म्हणून वाचलो. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी खुशाल लिहीत राहिलो, गेनूमामांनाही शपथ घातली. आईला ते पटलं नव्हतं. काल म्हणाली की घरातलं मानूस गेलं तर कळवत्यात, मंग घरच गेलं त्ये लेकीला कळवायचं न्हाई व्हय. म्या अडाणी, मला येवढंच लिवता येतं.

रागवायचं तर माझ्यावर रागव.

तुझा दादा,
अमृत

भाटघर, १३ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

आई आहे, एवढ्यावर आधी पोटभर रडून घेतलं. घराचं रडू नंतर आलं. तुझ्यावरचा राग बारशापर्यंत टिकेल, तयारीत राहा.

येत नाही. या पत्राचा कोपरा मी फाडलाय. आईला वाचून दाखवू नकोस, नुसतं तिच्या हातात दे.

दिपाली