नागोयाचा मोकळा रविवार

३ मे, रविवार

रेवा आज बोलली. तीन वाक्यं, तिन्ही जर्मनमधून. नागोया "बघायला" यायला तिची हरकत नाही, फिंग्स्टच्या, म्हणजे मे अखेरच्या सुट्टीत नाहीतरी तिच्या सगळ्या मैत्रिणी इटलीला चालल्यात. राहायला जायचं म्हणाल तर मात्र काइन बॉक. म्हणजे इच्छा नाही, फक्त जरा उद्धट. वय वर्षं चौदा.

मिलिंदने तिला शब्द दिलाय. दोन वर्षांचं पोस्टिंग, उत्तर ८ जूनला द्यायचं. तिघं जाऊन बघू, रेवा नाही म्हणाली तर कंपनीला नाही सांगायचं. मि. हे फार उदारपणे म्हणाला आणि मग रात्रभर कुशी बदलत होता. त्याला जायचंय हे स्टुटगार्टातल्या कुत्र्यालाही कळेल.

कंपनीची पद्धत अशी की आधी कुटुंबाला नेऊन शहर दाखवतात. स्थळ बघायला जातात तसं. शनिवारी पोचायचं, घरं बघायची, शाळा बघायची, बुधवारी परत. मध्ये एक दिवस, रविवार, मोकळा. त्या मोकळ्या दिवसाचं नियोजन माझ्याकडे आलं. कसं आलं ते कळलं नाही, आलं.

आल्झो, म्हणजे तर मग, एका दिवसात एक अख्खं शहर एका पोरीच्या गळी उतरवायचं.

५ मे, मंगळ

फाइल केली. रकाने: वेळ, ठिकाण, गाडी, चालायचं किती, कोणासाठी. मि. म्हणाला, जोखमीचा रकाना पण ठेव. कारखान्यातला माणूस, सहलीतही बिघाड शोधणार.

नागोयात सकाळी कॉफी मागवली की टोस्ट आणि उकडलेलं अंडं सोबत येतं. न मागता! अकरापर्यंत. काही ठिकाणी टोस्टवर गोड लाल चवळीसारखं काहीतरी थापतात. मला त्याची चव आत्ताच हवी आहे. पुरणाच्या जवळ जात असेल का?

आणि रस्त्यावर कचऱ्याचे डबे नाहीत म्हणे. मग लोक केळ्याच्या सालीचं काय करतात? खिशात? तासभर हेच वाचत बसले.

९ मे, शनि

आमची केअरवोखं, जिना झाडायची आठवड्याची पाळी. जिना झाडला, पुसला, पाटी शेजारच्या दारावर अडकवली. आता त्यांचा आठवडा. जिना पुसताना सुचलं की रविवारी फिरायचं हा मूर्खपणा आहे. रविवारी काय उघडं असणार? लगेच हायाशीबाईंना मेल. (नागोयातलं आमचं सगळं त्या बघतात, घरमालक, शाळा, सगळं.) रविवारी घरं दाखवा, सोमवार मोकळा ठेवा.

दोन तासांत उत्तर. "सोमवार नक्की ना? आम्ही अर्थातच व्यवस्था करू." किती विनयशील बाई. मी "नक्की, नक्की" असं दोनदा लिहिलं. मि.ला सांगितलं, तो म्हणाला शाबास. आम्हा दोघांना दिवसभर हुशार वाटत होतं.

११ मे, सोम

सकाळी रेवाचा मेसेज, शाळेला जाताना उ-बान मेट्रोमधून. नुसती लिंक. उघडली तर नागोयाचं तारांगण. मोठा चंदेरी गोळा दोन इमारतींच्या मध्ये अडकवल्यासारखा, जगातल्या सर्वांत मोठ्या घुमटांपैकी एक.

ऑफिसात बसून एकटीच हसत होते. तिने काहीतरी मागितलं! फाइलमध्ये पहिली ओळ तीच टाकली, ठळक. कोणासाठी: रे.

कार्यक्रम फक्त जपानीत असतो. संध्याकाळी तिला सांगितलं. तिने खांदे उडवले. ताऱ्यांना कुठली भाषा लागते, असं काहीसं जर्मनमधून. पटलं.

मि.ने आगगाड्यांचं संग्रहालय मागितलं. जुनी बुलेट ट्रेन आत जाऊन बघता येते. कोणासाठी: मि. मग किल्ला, ओसूचा बाजार, आत्सुताचं देऊळ. सगळे.

१४ मे, गुरु. सुट्टी.

सासूबाईंचा पुण्याहून फोन. तिकडे मराठी मंडळ आहे का, तूप मिळतं का, भूकंप किती होतात. मी म्हटलं, "अहो आई, अजून ठरलं नाही." त्या म्हणाल्या, "मिलिंदचं ठरलं की तुमचं ठरलंच की." त्यात वाईट काही नव्हतं. तेरा वर्षांपूर्वी तसंच झालं होतं. रेवा एक वर्षाची, दोन बॅगा, मि. आधीच इकडे. मला कोणी विचारलं नाही हे खरं. मीही कोणाला काही सांगितलं नाही, हेही खरं.

दुपारी फाइल घेऊन बसले. किल्ल्यापासून देवळापर्यंतची गाडी शोधताना नकाशावर एक नाव दिसलं: आरिमात्सु. मुख्य स्टेशनपासून वीसेक मिनिटं. जुनी एक गल्ली, लाकडी घरं, आणि घराघरात बांधणी. आपल्यासारखीच. कापडाला दोऱ्याने गाठी मारायच्या, निळीत बुडवायचं, सोडायचं. गाठींचे कितीतरी प्रकार आणि एक बाई बहुतेक आयुष्यभर एकच प्रकार करते! गाठ तिची, दुसरी कोणी मारत नाही. म्हणजे ती बाई गेली की ती गाठ गेली? की सुनेला शिकवतात? सून दुसऱ्या गाठीची असली तर?

व्हिडिओत एक म्हातारी होती. चष्मा, लाकडी खुंटी, दोरा दातात. मला तिचा हात थांबवून विचारावंसं वाटलं की दोरा इतका ताणतेस तर कापड फाटत कसं नाही. इचलकरंजीला टेक्स्टाइलच्या डिप्लोमात माझं तिथेच अडायचं. डाइंगच्या प्रॅक्टिकलनंतर बोटं आठवडाभर निळी, आई ताटाला हात लावू द्यायची नाही. मग प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, दोन वर्षं, मग लग्न, मग इथे. आता गोदामातल्या मालाचे आकडे जुळवते. वाईट नाही काम. पण एकाही आकड्याला वास नाही.

ओळ टाकली: २.०० आरिमात्सु. कोणासाठी, तिथे काय लिहू? रेवा कंटाळेल. मि. बाहेर उभा राहून फोन बघेल. काढून टाकली.

१५ मे, शुक्र

पुन्हा टाकली, जेवणाच्या सुट्टीत. पुन्हा काढली. पोरीने हो म्हणायला हवं, त्यासाठी दिवस आहे हा.

१७ मे, रवि

घोटाळा.

तारांगणाच्या शोची वेळ बघायला गेले. खाली बारीक अक्षरात: सोमवारी बंद. किल्ल्याशेजारचं कलासंग्रहालय, सोमवारी बंद. प्राणिसंग्रहालय, सोमवारी बंद. रविवारी सगळं उघडं! दुकानं, बाजार, तारांगण, सगळं सताड उघडं.

तेरा वर्षांत हे झालंय माझं. शनिवारी दुपारी धावतपळत दूध-ब्रेड आणायचा, रविवारी बाटल्यासुद्धा टाकायला जायचं नाही, आवाज होतो. त्यामुळे रविवार म्हटला की माझ्या डोक्यात शटर पडतं, जगात कुठेही. इचलकरंजीत रविवारी मुख्य रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसायची, तिथेच वाढले मी. ते कसं विसरले?

आणि हायाशीबाई विचारत होत्या, नक्की ना. तो विनय नव्हता. ती सूचना होती.

मेल केला, माफी मागून. पुन्हा रविवार मिळेल का? रेवाला काही सांगितलं नाही. तिने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि मी ती बंद असेल तोच वार निवडला.

१९ मे, मंगळ

उत्तर नाही. मि.ला सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला की चूक आपल्या दोघांची, त्यानेही शाबास म्हटलं होतं. चांगला आहे. मग म्हणाला, "पण तारांगण नसेल तर ती नक्की नाही म्हणेल, नाही का?" इतका घाबरलेला मी त्याला पासपोर्टच्या रांगेतही बघितला नव्हता.

रेवा जेवताना तारांगणाबद्दल बोलत होती. कोणती खुर्ची सर्वांत मागे जाते वगैरे. मी भाजी वाढत राहिले.

२१ मे, गुरु

हायाशीबाईंचं उत्तर. तीनपैकी दोन घरं सोमवारी हलवली. तिसऱ्याचे मालक वयस्कर, त्यांनी मुद्दाम रविवार सकाळ राखून ठेवली होती, त्यांना पुन्हा बदल सांगणं हायाशीबाईंना बरं वाटत नाही. म्हणजे रविवारी साडेनऊला ते घर. साडेअकरापासून आम्ही मोकळे. पत्राच्या शेवटी: "रविवारी हवामान सुंदर असतं." मे अखेरीस सांगता येत नाही खरं तर. प्रेमाने लिहिलं असणार.

रेवाला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं रागावेल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाली की आई, आपल्या घरात सर्वांत जर्मन तूच आहेस. हेही जर्मनमधून. मि. आतून ओरडला, गेनाऊ! म्हणजे अगदी बरोबर.

मला हसू आलं आणि थोडं लागलंही. दोन्ही.

२४ मे, रवि. बाहेर सगळं बंद.

अर्ध्या दिवसात सात ठिकाणं बसत नाहीत. किल्ला काढला. देऊळ काढलं, बाजार काढला. सकाळची कॉफी आणि टोस्ट आठ वाजता, घर बघायच्या आधी. ती मी सोडणार नाही.

रेवाने लॅपटॉप ओढून घेतला, तू गाड्या चुकीच्या धरतेस म्हणून. खरंच चुकीच्या धरल्या होत्या. पंधरा मिनिटं दोघी एका नकाशात डोकं घालून. तिला शॅम्पूचा नवा वास येतो. मग तिने शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. मि., रे., सगळे, रे., मि. तुझं काय, तिने विचारलं. मी म्हटलं, माझं 'सगळे' मध्ये आलं की. तिने भुवई वर केली. माझ्या बहिणीची भुवई, हुबेहूब.

२६ मे, मंगळ

बॅगा काढल्या. रेवाला शाळेच्या सुट्ट्या सुरू. मी ऑफिसात, दुपारी तिचा मेसेज: आरिमात्सु काय आहे?

चोरी पकडल्यासारखं वाटलं. फाइलमध्ये म्हणे मागचे सगळे बदल दिसतात. कोणी कधी काय लिहिलं, काय पुसलं. एक ओळ मी टाकली आणि काढली, १४ तारखेला, १५ला, आणि २२ला परत. २२चं तर मलाच आठवत नव्हतं.

काही नाही, कापडं रंगवतात, असं लिहिलं.  

२७ मे, बुध

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. ओट्याला टेकून उभी. मी कांदा चिरत होते. बोटं निळी व्हायची ते तिला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगितलं. प्रोसेस हाऊस, रंगाच्या टाक्यांची वाफ, माझ्या हाताखालचे दोन कामगार जे मला ताई म्हणायचे आणि माझं एक ऐकायचे नाहीत. ती ऐकत होती. मग पाहिलेल्या व्हिडिओतल्या म्हातारीचं, एकच गाठ आयुष्यभर. रेवाने विचारलं, कंटाळत नाही ती? मी म्हटलं, मला पण तेच तिला विचारायचंय.

भाजी थोडी लागली.

२८ मे, गुरु

उद्या निघायचं. फ्रँकफुर्टहून.

ऑफिसातून आल्यावर फाइल उघडली. बदललेली.

८.०० कॉफी-टोस्ट. सगळे.
९.३० घर. सगळे.
१२.३० आरिमात्सु. आई.
संध्याकाळ: तारांगण, शेवटचा शो. रे.

मि.ची आगगाडी गायब. त्याला विचारलं तर म्हणाला की त्याच्याशी सविस्तर चर्चा झाली, म्हणजे रेवाने त्याला कळवलं. चेहरा पडला होता, पण हसणं खोटं नव्हतं. आरिमात्सुला जायचं तर आगगाडीनेच ना, असं म्हणत होता.

रेवाच्या खोलीत गेले. ती बॅगेवर बसून चेन ओढत होती. मी थँक्यू म्हटलं. ती म्हणाली, याचा अर्थ मी हो म्हणाले असा नाही. मी म्हटलं, माहितेय. मग पुढे म्हटलं, तू नाही म्हणालीस तरी चालेल, बाबा शब्द पाळतील.

ती चेन सोडून माझ्याकडे बघायला लागली. आणि मराठीत, जपून एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"आणि तू नाही म्हणालीस तर?"

मी 'मी कशाला नाही म्हणेन' म्हणायला तोंड उघडलं. तेवढं साधं वाक्य, आलं नाही. हो म्हणेन का, तेही माहीत नाही. मला खरंच माहीत नाही. तेरा वर्षांत मी हे स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. पोरीसमोर रडायचं नव्हतं, पण रडले. ती घाबरली नाही, सरकून बॅगेवर जागा केली. दोघी बसल्यावर चेन लागली.

मि.ला अजून सांगितलेलं नाही की आता दोघींना विचारावं लागणार.

कपाटात वरच्या खणात डिप्लोमातला रुमाल सापडला, माझ्या हाताने बांधलेला. एका कोपऱ्यात सात-आठ गाठी तशाच आहेत, सोडायच्या राहिलेल्या. हातातल्या पर्समध्ये ठेवला, मोठ्या बॅगेत नाही. म्हातारी भेटली तर दाखवीन.

टॅक्सी सकाळी सहाला.