नको म्हणाली

ऋतुजा पोरी,

गावातल्या समद्या सुनांना गर्भनिरोधक गोळ्या मीच घरपोच देते. त्यांच्या सासवांना सांगते, यात पाप न्हाई. दोन लेकींनंतर तू एकच पाकीट मागितलंस, तवा मात्र मीच म्हणाले, “देवाच्या मनात नातू हाय, मधी येऊ नको.” रजिस्टरात तुझ्या नावापुढं मी ‘नको म्हणाली’ असं लिहिलं. तू बारावी शिकलेली. ते वाचलंस, माझ्याकडं बघितलंस अन् सही केलीस.

धारूरच्या घाटात, गाडीतच बाळंत होऊन तू गेलीस. तिसरीही लेकच. ती वाचली.

काल नर्सबाई म्हणाल्या, आता रजिस्टरातलं ऋतुजाचं नाव खोडा. पेन घेतला. पण खोटं लिहिलं मी अन् खोडायचं तुला, हे माझ्यानं होईना.

तुझी सासू,
जिला गाव आशाताई म्हणतं