खंडेनवमीचा कॉम्प्रेसर

रावेत,
७ ऑक्टोबर २०२५

ती. मालोजीमामांस,
पूनमचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून भिमाजीकाकांच्या हाती हे पत्र पाठवते. रवी परवा दवाखान्यातून घरी आला. डोकं अजून ठणकतं, जिना चढला की धाप लागते. आई त्याच्या उशाशी बसून असते आणि तुमचं नाव निघालं की उठून जाते.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. पाण्याखाली उतरणाऱ्याला श्वासाची हवा वरच्या कॉम्प्रेसरमधून जाते. ती इंजिनाच्या धुरापासून लांबून ओढली जावी म्हणून त्याला वेगळा पाइप जोडतात. रवीला पाणबुड्याच्या कोर्समध्ये हेच सगळ्यात आधी शिकवलं होतं. खंडेनवमीला तुम्ही भोसरीच्या शेडमध्ये तो पाइप काढायला लावलात, कारण तो रांगोळीत येत होता. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ झाली, फोटो झाले. दसऱ्यानंतर कॉम्प्रेसर तसाच, माळेसकट, महाळुंग्याच्या कंपनीत टाकी साफ करायच्या तुमच्या कामावर गेला. रवी टाकीच्या तळाशी गाळ काढत होता आणि मास्कमधून धूर ओढत होता. तो तिथेच बेशुद्ध पडला. वर दोर धरून बसलेल्या भिमाजीकाकांना खुणेचा हिसका लागेना, म्हणून त्यांनी त्याला ओढून काढलं.

आणि तुम्ही आपल्याच भाच्याबद्दल भावकीत सांगत फिरताय की पोरगं पाण्याला भ्यालं. मामा, मला तुमची लाज वाटली. पाइप जोडून, हवा तपासून घेतल्याशिवाय त्या टाकीत कुणालाही उतरवू नका. लोभ आहेच, पण सध्या तो माझ्याकडे मागू नका.

आपली,
पूनम

भोसरी,
९ ऑक्टोबर

चि. पूनम हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चाकणला सेफ्टीची नोकरी लागल्यापासून तुला जिथं तिथं धोकाच दिसतो. अगं, पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा डबा बांधून तुला विहिरीत ढकललं ते मीच. तेव्हा कुठलं सर्टिफिकेट होतं? नुसता दम धरून विहिरीच्या तळाशी गेलेल्या पाण्याच्या मोटारी काढल्यात मी, अख्ख्या भावकीच्या. ही कोर्सवाली पोरं जरा चक्कर आली की दवाखाना गाठतात.

पाइप राहिला, कबूल. माणसाच्या हातून राहतं. त्यासाठी पूजेला बोल लावू नकोस.

काम अडलंय, कंपनीवाले रोज विचारतात. सोमवारी रवीला पाठवून दे. लोक म्हणतात, सिद्धेशला उतरवा. पण तो माझा एकुलता, त्याला मी पाण्यात घालत नाही. अक्काला म्हणावं, भावावर इतकं रागावू नये. कळावे, मामावर माया असू दे.

तुझा मामा,
मालोजी

रावेत,
११ ऑक्टोबर

ती. मामांस, सा. न.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. सिद्धेश एकुलता, म्हणून त्याला पाण्यात घालत नाही. म्हणजे धोका तुम्हाला कळतो. इतके दिवस मला वाटत होतं की तुम्हाला कळत नाही, आणि तरीही मी चिडले होते. आता जो राग आलाय त्याला काय म्हणावं तेच सुचत नाही.

रवी येणार नाही. सोमवारी नाही आणि पुढेही नाही. काल मी महाळुंग्याला जाऊन कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना सगळं सांगून आले. पाइप जोडलेला बघितल्याशिवाय आणि हवा तपासून घेतल्याशिवाय ते तुमच्या माणसांना गेटातून आत घेणार नाहीत. रवी नाही तर दुसऱ्या कुणाचं तरी पोर तुम्ही उतरवाल, म्हणून गेले. सख्ख्या भाचीने मामाचं काम बंद पाडलं असं लोक म्हणतील. म्हणू देत.

आई म्हणते, यंदा भाऊबीजेला मामाला बोलावू नकोस. मी म्हटलं, बोलवायचं. तुम्ही याच. दरवर्षीसारखे दोन पाट शेजारी मांडू, आई तुम्हाला ओवाळेल आणि मी रवीला. तो बाजूला बसलेला असेल तेव्हा त्याच्याकडे बघून ते एकुलत्याचं वाक्य पुन्हा म्हणा. आईलाही तो एकुलताच आहे. ते म्हणून झालं की मग तिच्या ताटात ओवाळणी टाका.

तुमची भाची,
पूनम