सांभाळायला दिलेली मुलगी

आई,

तुला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि माझं तुझ्याशी जे भांडण होतं ते त्याच्याही आधीचं. तुला ते ठाऊक तरी होतं की नाही, कोण जाणे. मी दहा वर्षांची होते. आपण डिंभ्याला राहत होतो, तू आश्रमशाळेत स्वयंपाक करायचीस. धरणात मासे धरायला गेलेला एक माणूस बुडाला आणि त्याची चार वर्षांची, आधीच आई गेलेली पोर तू घरी घेऊन आलीस. कुणाला विचारलं नाहीस, कागद केला नाहीस. दोन वर्षं ती माझ्या पांघरुणात झोपली. मग एक दिवस तिचा चुलता आला. तू तिची वेणी घातलीस, फडक्यात भाकरी बांधलीस आणि तिचा हात त्याच्या हातात दिलास. मी रडत रस्त्यापर्यंत धावले, तर तू मला दंडाला धरून मागं ओढलंस. "गप. जाणाऱ्या पोरीला रडकं त्वांड दावू नगं," एवढंच म्हणालीस आणि कामावर गेलीस. मला वाटलं, हिला काळीजच नाही. त्या दिवशी शाळेतली आमटी अळणी झाली होती, पोरांनी ताटात तशीच टाकली, हे मी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लागायला मला पन्नाशी गाठावी लागली.

माझी लेक लग्न होऊन गेली आणि आळे गावातल्या घरात आम्ही दोघंच उरलो. यांनीच कुठूनतरी ऐकून आणलं, की जुन्नरला एक संस्था आहे, ज्या मुलांना काही दिवस घर हवंय त्यांना घर शोधून देते. तुझ्यासारखं आता चालत नाही, आई. संस्थेच्या ताई दोनदा घरी आल्या, विहिरीचा कठडा हलवून पाहिला, शेजारी विचारलं, आमच्या तब्येतीचे आणि पोलिसांचे दाखले मागितले, दोन दिवस शिकवणीला बसवलं. सह्या करायच्या आधी त्या म्हणाल्या, "हे दत्तक नाही बरं. मुलीची आई आजारी आहे, क्षयाचे उपचार चाललेत. ती बरी झाली की मुलगी परत जाणार." मी मान डोलावली. खरं म्हणजे मी ते ऐकलंच नव्हतं.

पोरगी सात वर्षांची, मढच्या बाजूच्या वाडीतली. काही मागायची नाही, कशाचा हट्ट नाही. फक्त तहान लागली की माठापाशी उभी राहायची आणि विचारायची, "पाणी पिऊ का?" दर वेळी. हे म्हणायचे, "अगं, घर तुझंच हाय, पी की." तरी दुसऱ्या दिवशी तेच. चार महिन्यांनी एका दुपारी ती बाहेरून खेळून आली, न विचारता तांब्या बुडवला, घटाघटा प्यायली आणि पुन्हा पळाली. मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. तेव्हापासून ती माझीच झाली असं मी मनात ठरवून टाकलं.

आणि मग तिची आई बरी झाली. महिन्यातून एकदा संस्थेच्या ऑफिसात दोघींची भेट ठरली. पहिल्या भेटीला मी तिला घेऊन गेले. ती बाई नुसती हाडं, पदर सारखा करत बसलेली. पोरगी तिच्या मांडीत शिरली ती निघेपर्यंत उठली नाही, आणि परतीच्या एसटीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या भेटीच्या सकाळी मी ताईंना फोन करून सांगितलं, पोरीला ताप आहे.

संध्याकाळी फाटक वाजतं. ताई उभ्या आहेत. पोरगी अंगणात दोरीच्या उड्या मारतेय. ताई तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. आवाज चढवत नाहीत. "तिची आई सकाळच्या गाडीनं आली होती. परतीची गाडी नव्हती, दुपारपर्यंत बाकावर बसून होती. ताप आहे म्हटल्यावर रडायला लागली, म्हणाली, हे तरी द्या तिला." पळसाच्या पानात बांधलेली करवंदं त्या माझ्या हातात ठेवतात. पोरगी धावत येते, वास घेते. "माझ्या आईनं दिली? आई आली व्हती?" मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "आली होती. मीच तुला नेलं नाही." तिनं पान उचललं आणि ओट्याच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून बसली. रात्री जेवताना माठाकडे बघून तिनं विचारलं, "पाणी पिऊ का?"

आई, तुझ्या दगडासारख्या तोंडामागे काय होतं ते मला तेव्हा कळलं. यांनी विचारलं, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "तिच्या आईकडं द्यायची." पुढच्या प्रत्येक भेटीला मी वेळेआधी पोचले. बाल कल्याण समितीपुढे विचारलं तेव्हा तापाचं सगळं सांगितलं, आणि आई तिला सांभाळू शकेल असंही सांगितलं. न्यायला आली त्या दिवशी ती बाई म्हणाली, "तुमी व्हता म्हणून माझी पोर ऱ्हायली." या शब्दांवर माझा हक्क नव्हता, पण ते परत करायला जागाही नव्हती. पोरीनं जाताना मागं वळून पाहिलं नाही. मी रडले नाही, फाटक लावून घेतलं आणि घराच्या उंबऱ्यावर अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

काल ताईंचा फोन आला. दोघं भावंडं आहेत, मोठी नऊची, धाकटा चारचा. त्यांना वेगळं करायला नको, घेता का? तापाचं सगळं माहीत असूनही त्या विचारतात, याचंच मला नवल वाटलं. मी म्हटलं, विचार करून सांगते. पत्र लिहायला बसले ते तुला विचारायला, की हे पुन्हा सोसेल का मला. ते कुठं पाठवायचं नाही, पेटीत साड्यांच्या खाली जाईल. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? फोन ठेवल्यावर दहा मिनिटांतच मी परत लावला होता. हो म्हणून झालंय माझं.