दगडावरचं तुझं नाव

भवानीनगर
रविवार, दुपार

प्रिय निकिता,

तुला सलाम. तू माहेरी निरवांगीला गेल्यापासून तुझा फोन आला की मी जेवलीस का, पेरूला बहार कसा आहे एवढंच विचारते आणि ठेवून देते. बोलायला गेलं की भलतंच बोलते, लिहिताना तसं होत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर वरखाली जाईल, चालवून घे. मी शाळेत बसून शिकले नाही, तुला माहीत आहे. अविराज लहान असताना पाटीवर गिरवायचा आणि मी भाकरी थापता थापता त्याच्या मागून गिरवायची. त्याचा 'ळ' उलटा यायचा, तो माझाही अजून उलटाच येतो.

इकडे सगळं ठीक आहे. कारखान्याचा भोंगा झाला की मी अजून ह्यांचा डबा शोधते. फडताळ उघडते, हात आत जातो आणि मग आठवतं. एवढे दिवस झाले तरी दर वेळी नव्याने कुणीतरी येऊन सांगितल्यासारखं होतं. मला वाटायचं, धक्का एकदा बसतो आणि मग नुसतं दुःख राहतं. तसं नसतं गं.

त्या पहाटेचं आपण दोघी कधी बोललोच नाही. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आपण बारामतीला गेलो होतो, कबरी झाडायला, फुलं वाहायला. ह्यांची रात्रपाळी होती. सुटले की अविराज त्यांना गाडीवर घेऊन थेट कबरस्थानात येणार होता. अंधारातच मेणबत्त्या घेऊन सगळी मंडळी उभी होती, तू माझ्याजवळ होतीस. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू उठला आहे. आपण सगळ्यांनी म्हणायचं असतं, खरोखर उठला आहे. मी तोंड उघडलं आणि सर्जेरावकाकांचा फोन वाजला. त्यांनी तो ऐकला आणि मटकन खाली मातीत बसले. मी त्यांना काय म्हणाले असेन? म्हणाले, "भाऊजी, उठा, ओलं आहे, पँट भरंल." बघ, माणूस काय बोलतो. टायर फुटलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी होती, मागे साधं लाल फडकंसुद्धा बांधलेलं नव्हतं. माझा नवरा आणि माझा मुलगा, तुझा अविराज, पुनरुत्थानाच्या उपासनेला येता येता गेले. दुसऱ्या दिवशी तिथेच खड्डा खणला, तेव्हा आपण सासूबाईंच्या कबरीवर वाहिलेला झेंडू सुकलाही नव्हता.

त्या रात्री तू मला एकच गोष्ट विचारलीस. "आई, आमच्याकडं दहाव्याला कावळा शिवला की जीव सुटला म्हणतात. तुमच्यात कसं कळतं?" मी तीन पिढ्यांची ख्रिस्ती. तरी मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले. आणि दहाव्या दिवशी तू मागच्या भिंतीवर भाताचा गोळा ठेवलास, ते मी पाहिलं होतं. तुला वाटलं मी झोपले आहे. मी दाराआड उभी होते निकिता, आणि जीव मुठीत धरून कावळ्याची वाट बघत होते. कुणीतरी येऊन सांगावं की ते पोचले, मग तो कावळा का असेना, असं मला झालं होतं. कावळा आला, कौलावर बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. ऊन कलल्यावर तू गोळा उचलून आत आणलास.

सांत्वनाला आलेले म्हणायचे, ते आता बऱ्या ठिकाणी आहेत. मला वाटायचं, भवानीनगर काय वाईट होतं? स्वर्गाची गीतं मी लहानपणापासून गात आले, पण त्या वर्षात एकही ओळ मला माझी वाटली नाही. डोळे मिटले की वर काही दिसायचं नाही, खालचंच दिसायचं. माती.

मग यंदाचा ईस्टर आला. सर्जेरावकाकांनी आपल्याला न सांगता दगड करून आणला होता. काळा ग्रॅनाइट, वर पांढरं कापड. प्रार्थना झाली आणि त्यांनी कापड ओढलं. ह्यांचं नाव, जन्म, मृत्यू. अविराजचं नाव, जन्म, मृत्यू. आणि त्याखाली माझं नाव, जन्म आणि एक रेघ, रेघेपुढे काही नाही. त्याखाली तुझं. काका डोळे पुसत सांगत होते, "वहिनी, आता कबरस्थानात जागा मिळत न्हाय. मी चौघांची जागा लिहून घेतली. पुढची काळजी मिटली." बायका म्हणाल्या, किती मायेनं केलं. आणि मायेनंच केलं होतं, त्यात खोट नाही. पण मी बघत होते ते तुझं बोट. धूळ बसली असेल म्हणून पुसून बघावं तसं तू तुझ्या नावावरून बोट फिरवलंस. अजून तिशीही न गाठलेल्या मुलीचं नाव कबरीवर, नुसती तारीख भरायची बाकी. तू फुलं ठेवलीस, सगळ्यांना चहा दिलास आणि दोन दिवसांनी पिशवी भरून निरवांगीला गेलीस. तो दगड मी सांगून करून घेतला असं तुला वाटलं असेल का, हा विचार मला खात राहिला. मला माहीत नव्हतं गं. तू जेवढी हादरलीस तेवढीच मी.

त्यानंतर मी बायबल काढलं. रोज थोडं, बोट ओळीवर ठेवून. मला एवढंच शोधायचं होतं की तिथे गेल्यावर हे मला भेटतील ना, माझेच म्हणून भेटतील ना. आणि नेमकी ती गोष्ट समोर आली. एका बाईचा नवरा मरतो. रिवाजाप्रमाणे ती दिराला देतात. तोही मरतो, मग पुढच्या दिराला, असे सात. काही शहाणी माणसं येशूला विचारतात, पुनरुत्थानात ही कुणाची बायको? तो म्हणतो, तिथे कुणी लग्न करत नाही, करून देत नाही. मी पुस्तक मिटून टाकलं. स्वयंपाकही केला नाही. म्हणजे ज्या आशेवर दिवस ढकलत होते तीही गेली? इथला नवरा मातीत आणि तिथे नवराच नाही? देवाने हे असं तोंडावर सांगावं?

मी हल्ली उसाच्या रोपांच्या नर्सरीत जाते, तुला सांगितलं होतं. बेण्याच्या कांड्यावरून कोंबाचा एकेक डोळा काढायचा, ट्रेमध्ये लावायचा आणि वरून झाकायचा. हाताला काम असलं की बरं. तिथे फुलाबाई आहे, सणसरची, तोंडाने फटकळ. जेवायला बसलो तेव्हा मी न खाता बसले म्हणून तिने खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, आमच्या शास्त्रात लिहिलंय की तिथे कुणी कुणाचा नवरा नाही, कुणी कुणाची बायको नाही. ती घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आगं मंग येते की मी तितं! माझा म्हातारा तितं दारातच बसला आसंल ह्या भ्यानं आत्तापतूर नगं म्हणत हुते." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, त्या पहाटेनंतर पहिल्यांदाच. हसता हसता थांबले. मला जी चोरी वाटत होती ती हिला सुटका वाटत होती.

घरी येऊन पुन्हा वाचलं. आणि मला दिसलं की त्या गोष्टीत सगळे विचारतात ती कुणाची, ती कुणाची. तिला कुणीच काही विचारत नाही. सात मरणं पाहिलेली बाई आणि त्या शहाण्यांना पडलंय ती कुणाच्या वाट्याला जाईल. येशू सांगतो, ती कुणाच्याच वाट्याची नाही, ती देवाची लेक आहे. तो माझ्या विरुद्ध बोलला असं मला वाटलं होतं. तो त्या बाईच्या बाजूने बोलत होता. आणि त्याच्याच खाली लिहिलं होतं की देव मेलेल्यांचा देव नाही, त्याच्यापुढे सगळे जिवंतच आहेत. मी पुस्तक आधीच मिटलं म्हणून ती ओळ मला दिसलीच नव्हती. मी तशीच बसून राहिले, कुणी कानफटात मारावी तशी. हे जिवंत आहेत. अविराज जिवंत आहे. माझे म्हणून राहिले नसले तरी आहेत. मी वर्षभर मातीशी बोलत होते.

परवा तुझ्या वडिलांचा फोन आला. नारायणराव आधी पाण्याचं बोलले, पेरूच्या दराचं बोलले, मग घसा खाकरून म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. सणसरचं स्थळ आलंय. पोराची पहिली बायको बाळंतपणात गेली, माणसं बरी हायत. पोरगी न्हाय म्हणत न्हाय आन् व्हय बी म्हणत न्हाय. नुसती म्हणती, आबा, माझं नाव तितं दगडावर हाय." दुसऱ्या दिवशी बारामती गाठली. बिरू पाथरवट म्हणाला, "मावशे, कोरल्यालं पुसाय येत न्हाय. घासून काढतो, पर खळगा ऱ्हाईल." म्हटलं, राहू दे. मी शेजारी बसले आणि तुझं एकेक अक्षर गेलेलं पाहिलं. माझं नाव राहू दिलंय, मला तिथे उतरायचंच आहे. तेवढ्यात सर्जेरावकाका आले, डोक्याला हात लावून म्हणाले, "वहिनी, कुणी विचारलं तर काय सांगायचं?" म्हटलं, सांगा, ती जिवंत आहे.

निकिता, तू विचारलं होतंस, तुमच्यात कसं कळतं. कळत नाही गं. आम्हाला प्रभूने शब्द दिलेला आहे, त्या शब्दावर उभं राहायचं असतं. मी वर्षभर पडले होते, आता उभी आहे. तुमच्याकडे कावळा शिवला नाही तर घरचं कुणी पुढे होऊन मोठ्याने शब्द देतं, तुझं राहिलेलं आम्ही करू म्हणून. त्या दिवशी मी दाराआडच राहिले. आज देते, कावळ्यासाठी नाही, प्रभूसमोर आणि अविराजच्या नावाने: निकिताला मी बांधून ठेवणार नाही. तू सणसरला हो म्हण. ह्यासाठीच हे पत्र. पुनरुत्थानाच्या पहाटे प्रभू दगड वाचून हाका मारणार नाही. तो उठला तेव्हा कबरीजवळ रडणाऱ्या मरियेला त्याने स्वतःच्या तोंडाने नाव घेऊन हाक मारली होती. तशी तुला मारील, तेव्हा तू कुठल्याही गावची, कुणाचीही बायको असलीस, तरी तुझं नाव कानावर पडताच अविराज वळून बघेल. त्याच्या शेजारी मीही.

तुझीच,
लग्नात तुझ्या आईच्या शेजारी बसायला येणारी
आई